डब्यातल्या पीचचा कॉबलर

कॉबलर म्हणजे फळांवर पिठाचा थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेलं गोड. इथे अमेरिकेतल्या जॉर्जियात पीच मिळतात उत्तम, पण कामाच्या दिवशी ते सोलत कोण बसणार? मी सरळ पाकातल्या पीचचे १५ औंसांचे दोन डबे उघडते. पाक मुळीच ओतून टाकायचा नाही, वरचं कोरडं पीठ त्याच्यावरच शिजतं. ९ बाय १३ इंचाच्या ट्रेमध्ये फोडी पाकासकट पसरा. साखर घालू नका, पाक मुळात गोडमिट्ट असतो. त्यापेक्षा अर्धं लिंबू पिळा आणि चिमूटभर वेलची घाला. शेजारणी दालचिनी घालतात, त्यांचंही बरोबर.

त्यावर यलो केक मिक्सचं (केकच्या तयार पिठाचं) एक खोकं कोरडंच भुरभुरवा. अंडं नको, दूध नको, ढवळायचं तर अजिबात नाही. एका स्टिक बटरच्या (११३ ग्रॅम) पातळ चकत्या जवळजवळ मांडा. जिथे बटर पोचत नाही, तिथे पांढरं पीठ तसंच राहतं. अर्ध्या वेळाने डोकावून तिथे आणखी एखादी चकती ठेवा.

ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटवर ४५ ते ५० मिनिटं. कडेने पाक खदखदला, वर तांबूस कवच आलं की काढा. लगेच वाढू नका, पंधरा मिनिटांत पाक आळतो. वर व्हॅनिला आइस्क्रीम हवंच.