नॉर्वेचे तुरुंग अभ्यासायला निघण्यापूर्वी

फौजदारी न्याय आणि पुनर्वसन हा विषय परदेशात शिकायचा म्हणून नॉर्वेचं नाव घेणारी मुलंमुली मला नेहमी भेटतात. कुणी समाजकार्याचं, कुणी कायद्याचं, कुणी मानसशास्त्राचं. तयारी म्हणजे प्रवेशअर्ज, व्हिसा आणि गरम कपडे, अशी त्यांची समजूत असते. बरीच वर्षं बंद्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या सोबत काम केल्यावर माझी यादी थोडी वेगळी झाली आहे, आणि ती आपल्या गावच्या कोर्टापासून सुरू होते.

निघण्याआधी निदान आठवडाभर रिमांडचं काम चालतं त्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोर्ट सर्वांना खुलं असतं. कुणाच्या बाजूने वकील उभा राहतो, कुणाच्या नाही, जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून कोण परत गाडीत चढतो, हे रोजच्या रोज वहीत उतरवा. आपल्या तुरुंगांचं मूळ दुखणं तिथे दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे चारांतले तीन कच्चे कैदी. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, मग पुनर्वसन कशातून करायचं? हा प्रश्न सोबत नसेल तर तिकडचं सगळं पाहून नुसता हेवा वाटेल. आणखी एक हिशेब स्वतः करून पाहा. लोकसंख्येच्या मानाने नॉर्वेत भारतापेक्षा जास्त माणसं तुरुंगात आहेत: तिथे लाखामागे पन्नासच्या वर, आपल्याकडे चाळीसच्या आसपास. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आकडे दोनदा तपासले होते.

मग आपल्या घरचे शब्द पक्के करा. संचित रजा म्हणजे फर्लो (ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी सुट्टी), अभिवचन रजा म्हणजे पॅरोल (घरच्या अडचणीसारख्या खास कारणासाठी मिळणारी), आणि दोन्हींत फरक काय, हे तिकडच्या प्राध्यापकाला समजावून सांगता आलं पाहिजे. मुलाखत, बराक, सर्कल, वॉर्डर हे शब्दही तिथे काम करणाऱ्यांच्या तोंडून ऐका. कारागृहाच्या आत जायला परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सगळ्यात आधी टाका. ती नाहीच मिळाली तर आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची माहिती काढा. औंध संस्थानात १९३९ साली, पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, भिंतींशिवायची ही बंद्यांची वसाहत सुरू झाली. खुलं कारागृह ही युरोपातून आणायची वस्तू आहे असं वाटत असेल तर ते इथेच विसरा.

वाचनात पहिला मान संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांना, म्हणजे बंद्यांना कसं वागवावं याच्या किमान नियमांना द्या. २०१५ साली सुधारून मंजूर झालेले हे १२२ नियम पूर्ण वाचा, सारांशावर भागवू नका. दिवसात २२ तास किंवा त्याहून जास्त काळ, अर्थपूर्ण मानवी संपर्काविना बंद ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांपलीकडे गेला तर निषिद्ध, ही व्याख्या तोंडपाठ हवी. त्याच मोजपट्टीने नॉर्वेलाही मोजा. तिथल्या लोकपालांनी २०१९ मध्ये बंद्यांच्या एकटेपणाबद्दल संसदेला खास अहवाल दिला होता. देखण्या फोटोंत तो दिसत नाही.

आता आकडे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण चांगली चांगली मुलं इथेच घसरतात. ‘नॉर्वेत फक्त वीस टक्के पुन्हा गुन्हा करतात आणि अमेरिकेत जवळपास सत्तर’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. नॉर्वेचा आकडा सुटल्यावर दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होऊन सुधारसेवेकडे (तुरुंग आणि तुरुंगाबाहेरच्या शिक्षा सांभाळणाऱ्या खात्याकडे) परतलेल्यांचा आहे. अमेरिकेचा आकडा ३० राज्यांतून २००५ साली सुटलेल्यांपैकी तीन वर्षांत पुन्हा अटक झालेल्यांचा. अटक, दोषसिद्धी आणि तुरुंग या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, मुदतही वेगळी आहे. वहीत प्रत्येक देशासाठी तीन रकाने आखा: काय मोजलं, किती काळ मोजलं, कुणाला मोजलं. आपल्याकडे तर सुटलेल्या माणसाचा असा माग देशपातळीवर ठेवलाच जात नाही. वर्षभरात आत आलेल्या सिद्धदोष बंद्यांत जुने किती, एवढंच अहवालात मिळतं. त्याला पुनरपराधाचा दर म्हणू नका.

चांगल्या हेतूनेही नुकसान होतं, याचं एक उदाहरण पाठ करून जा. अमेरिकेत किशोरांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेण्याचे कार्यक्रम गाजले. शिस्तशीर चाचण्या झाल्यावर दिसलं की त्या मुलांमध्ये गुन्हे कमी झाले नाहीत, उलट वाढले.

हाल्डेन आणि बास्टॉय यांची गल्लत करू नका. हाल्डेन २०१० साली उघडलेलं, सहा मीटर भिंतीचं, कडक सुरक्षेचं कारागृह. बास्टॉय हे ओस्लोच्या खाडीतलं बेट, शिक्षेचा शेवटचा टप्पा काढण्याची खुली जागा. नॉर्वेत शिक्षक, ग्रंथपाल, डॉक्टर हे तुरुंगाचे नोकर नसतात, गावातल्याच शाळेतून, ग्रंथालयातून आणि आरोग्यसेवेतून आत येतात. ही व्यवस्था नीट समजून घ्या, खोलीतला टीव्ही नंतर पाहा. प्रत्येक बंद्यामागे नेमलेला एक संपर्क अधिकारी असतो आणि त्याचं प्रशिक्षण दोन वर्षांचं असतं. भाषाही थोडी शिका: त्यांच्या सुधारसेवेच्या नावातच ‘ओमसॉर्ग’ म्हणजे काळजी हा शब्द आहे.

पैशांचं लवकर पाहा. २०२३ च्या शरदापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना नॉर्वेतल्या सरकारी विद्यापीठांत शुल्क भरावं लागतं, जुनी ‘फुकट शिक्षण’वाली माहिती आता चालत नाही. भेटीच्या दिवशी फोन बाहेर ठेवावा लागेल हे धरून चाला, कुणालाही ‘तुम्ही काय केलं होतं’ असं विचारू नका, आणि नावं वहीत लिहू नका.

शेवटचं काम निघायच्या आठवड्यात करा. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या एखाद्या माणसाला भेटा, चहा घ्या आणि तिकडे काय विचारू, असं त्यालाच विचारा. मी विचारलं तेव्हा एक जण बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “त्यांना विचारा, सुटल्यावर पहिली रात्र माणूस कुठं झोपतो.” नॉर्वेत २००५ नंतर घर, काम, शिक्षण, उपचार यांसाठी ‘परतीची हमी’ देण्याचं धोरण आलं. त्याची चौकशी करताना त्या माणसाचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर ठेवा, आणि परतल्यावर उत्तर त्याला जाऊन सांगा.