'नाद खुळा'च्या पुढचं ऐकायचं असेल तर: फोटोंवरची खरी टीका कशी घ्यावी

कोल्हापूरच्या रंकाळ्यावरचा सूर्यास्त ग्रुपवर टाकला की पाच मिनिटांत 'नाद खुळा', 'एक नंबर भावा' सुरू होतं. त्यात माया असते, पण पुढच्या वेळी कॅमेरा कुठं धरायचा ते त्यातून कळत नाही. चूक दाखवणारा माणूस शोधावा लागतो, त्याला नीट विचारावं लागतं आणि त्याने वापरलेल्या शब्दाचा अर्थ शटर (कॅमेरा किती वेळ प्रकाश आत घेतो ते), फोकस, प्रकाश किंवा आपली उभं राहण्याची जागा यांत शोधावा लागतो. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. बहुतेक जण तिथेच सोडून देतात.

आधी एकाच विषयाचे दहा-बारा फोटो निवडा. त्यात स्वतःलाच शंका असलेले दोन-तीन मुद्दाम ठेवा, कारण नुसते लाडके फोटो दाखवले तर कौतुकच पदरात पडतं. शक्य असेल तर प्रिंट काढा. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट ३:२ असते, ती ८×१२ इंचात पूर्ण बसते. ८×१० मध्ये कडा कापल्या जातात आणि समोरचा आपण न केलेल्या कापाकापीवर बोलत बसतो. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि शटर, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला ते) ही माहितीही निघून जाते.

दाखवायचे कुणाला? तीन प्रकारच्या माणसांना: एक फोटोग्राफी जाणणारा, एक विषय जाणणारा आणि एक दोन्हींशी संबंध नसलेला. यातला दुसरा माणूस आपण हमखास विसरतो. कुस्तीचे फोटो असतील तर तालमीतल्या वस्तादांना दाखवा. ढाक हा डाव लागतानाचा निर्णायक क्षण कुठला आणि आपण बटण दाबलं तेव्हा तो निघून गेला होता का, हे ते एका नजरेत सांगतील. ते कॅमेऱ्यातल्या तज्ज्ञालाही सांगता येणार नाही.

फोटो पुढे ठेवताना त्यामागची गोष्ट सांगू नका. 'पहाटे चारला उठून गेलो होतो' म्हटलं की समोरचा फोटोऐवजी आपल्या कष्टांना दाद देतो. 'कसा वाटला?' असंही विचारू नका, त्याला 'छान' हे एकच उत्तर असतं. विचारायचं ते असं: नजर आधी कुठं गेली? तिथून कुठं गेली? यातलं एक काही काढायचं झालं तर काय काढाल? सोबत पुठ्ठ्याच्या दोन इंच रुंद पट्ट्यांचे दोन काटकोन ठेवा. ते प्रिंटवर सरकवून समोरच्याला चौकट लहान करून दाखवता येते. शब्दांत अडखळणारी माणसंही या पुठ्ठ्यांनी नेमकं दाखवतात.

मग गप्प बसा. पहिली दहा मिनिटं खुलासा करायचा नाही. 'तिथं गर्दी होती', 'लेन्सच तेवढी होती' हे खरं असलं तरी प्रिंटवर उमटत नाही, आणि एकदा बचाव सुरू झाला की समोरचा संकोचून चांगलं-चांगलं बोलायला लागतो. त्याचेच शब्द वहीत उतरवा, आपल्या भाषेत सुधारून लिहू नका. मग वही दोन दिवस मिटून ठेवा. त्याच संध्याकाळी वाचली तर खुपलेलं वाक्यच मोठं दिसतं.

दोन दिवसांनी प्रत्येक वाक्यासमोर लिहा: दुरुस्ती संपादनात होईल, फोटो काढतानाच करावी लागेल, की ही फक्त आवड आहे. 'मी असतो तर ब्लॅक अँड व्हाइट केला असता' ही आवड. ती बाजूला ठेवली तरी चालते. दोघांनी एकमेकांशी न बोलता एकाच जागी बोट ठेवलं असेल तर मात्र आपलं मन काहीही म्हणो, तिथे काहीतरी चुकलंय असं धरून चाला.

आता शेऱ्याचं उपायात रूपांतर. समजा, तालमीतल्या सरावाच्या फोटोवर शेरा आला, 'मऊ वाटतोय'. मूळ फाइल संगणकावर १०० टक्के मोठी करा. सगळंच एका दिशेला फराटल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याची, कड धारदार आणि मल्लांचे हात पुसट असतील तर शटरचा वेग कमी पडला. मागची भिंत स्पष्ट आणि चेहरा धूसर असेल तर फोकस चुकला. शेरा एकच, उपाय वेगवेगळे. हात हलला असेल तर कोपर अंगाशी धरून खांबाला टेका आणि शटरच्या अपूर्णांकातला खालचा आकडा लेन्सच्या फोकल लांबीपेक्षा कमी ठेवू नका. ८५ मिलिमीटरला निदान १/१००. फोकस चुकला असेल तर एकच बिंदू निवडून जवळच्या मल्लाच्या डोळ्यावर ठेवा. हालचालीने पुसट झालं असेल तर शटर १/५०० च्या आसपास न्या आणि त्यासाठी आयएसओ ३२०० किंवा ६४०० करा. रवा, म्हणजे फोटोत बारीक ठिपके, दिसला तरी चालेल.

इथे आणखी एक अडचण येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. १/५०० ला त्या चक्राचा तुकडाच सापडतो, म्हणून एक फोटो पिवळट आणि पुढचा काळपट येतो. 'रंग एकसारखे नाहीत' या शेऱ्याचं मूळ बऱ्याचदा हेच असतं. १/१०० ला पूर्ण चक्र मिळतं, पण मग पकड घट्ट बसून दोघे क्षणभर थांबतात तोच क्षण टिपावा लागतो. नाहीतर वस्तादांना विचारून खिडकीतून ऊन येतं त्या वेळी जा.

दुसरं उदाहरण जोतिबाच्या यात्रेतल्या गुलालाचं. 'गुलाल नुसता सपाट रंग दिसतोय.' एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक असतो, म्हणून हा शेरा पटत नाही. लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम उघडा: लाल उजव्या भिंतीला चिकटलेला असेल. तिथला पोत जेपेगमधून परत येत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, उणे ०.७ ते उणे १ ठेवा. चैत्र यात्रा वर्षातून एकदाच येते, म्हणून सराव घरी करा: ताटात गुलाल घ्या, दुपारच्या उन्हात ठेवा, उणे एक तृतीयांशच्या टप्प्यांनी पाच फोटो काढा. कण सुटे दिसू लागतात तो आकडा वहीत त्या शेऱ्यासमोर लिहा.

'मागं फार गर्दी आहे' याला सेटिंग नसतं. पंचगंगेच्या घाटावर एक-दोन पावलं बाजूला सरकलं की डोक्यातून निघालेला दिव्याचा खांब बाजूला सरकतो. बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून फिरवायची सवय लावा.

पुन्हा जाताना एकच शेरा घेऊन जा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते समजत नाही. महिन्याभराने जुने आणि नवे प्रिंट एकत्र पिसून त्याच माणसांपुढे ठेवा. कुठला नवा ते सांगू नका, आणि ते आधी कुठला उचलतात ते बघा.