म्युझियममध्ये काम करायचंय? आधी रताळी ओळखायला शिका

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, बीएफए म्हणजे चित्रकलेची पदवी करून घरी बसलेलो, मग आमच्याच भागातल्या एका छोट्या आर्ट म्युझियममध्ये सहा महिने इंटर्न म्हणून लागलो. आधीच सांगतो, चित्रं टांगायला चार दिवस मिळाले असतील, बाकी सगळं रजिस्टर. प्रत्येक वस्तूला ॲक्सेशन नंबर म्हणजे संग्रहातला नोंदणी क्रमांक, कुठनं आली, कोणी दिली, माप किती, कुठं फाटलंय, कुठं डाग, आणि कागदावरच्या चित्रामागं नंबर घालायचा तर मऊ पेन्सिलीनंच, पेन हातात दिसलं की म्युझियमच्या मॅडम ओरडल्याच.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, भिंतींना ओल येते, बुरशी धरते, त्यामुळं फ्रेमच्या मागं हवा खेळायला जागा ठेवावी लागते. वॉटरकलरवर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर लाईट टाकत नाहीत, रंग उडतात, म्हणून हॉलमध्ये अंधूकच, आणि येणारा प्रत्येक जण विचारणार, 'करंट गेलाय काय ओ?'

पण खरं शिकलो ते लेबलं लिहिताना. कन्नड, मराठी, इंग्लिश अशा तीन भाषांत असायची, मराठी माझ्याकडं. एका चित्रात बाजारात टोपलं घेऊन बसलेली बाई, मी डोकं न लावता लिहिलं 'भाजीवाली'. एक दिवस नातवासोबत एक आजी आल्या, नातवानं लेबल मोठ्यानं वाचलं तशा म्हणाल्या, 'भाजी कुठली गा, रताळी हाईत की ती!' बघतो तर खरंच रताळी, आणि बेळगावच्या मार्केट यार्डात आमच्या भागातली रताळ्याची पोती पडलेली मी लहानपणापासून बघतोय, म्हणजे लाजच वाटली. लेबल बदललं, कन्नडमध्ये 'गेणसू' आलं. पुढच्या आठवड्यात आजी गल्लीतल्या पाच-सहा बायका घेऊन आल्या, त्या अर्धा तास त्या एका चित्रासमोरच, टोपलं कुठल्या गावचं, लुगडं कसं नेसलंय यावर वाद, मी मागं उभा राहून रजिस्टरात लिहून घेत होतो. शाळेच्या सहली मात्र वीस मिनिटांत रांगेनं आत आणि रांगेनं बाहेर, त्यात पोरांना काय मिळत असेल देव जाणे.

शिकायचं असेल तर बडोद्याच्या विद्यापीठात म्युझियॉलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग 1952 पासून आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्याचाच पीजी डिप्लोमा होतो. फॉर्म भरायच्या आधी कोल्हापूरचं टाऊन हॉल म्युझियम बघा, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधचं भवानी संग्रहालय तर चुकवूच नका, 1938 चं, खेड्यात डोंगरावर रविवर्म्याची चित्रं आणि इंग्लंडच्या नामवंत शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प, विश्वास बसत नाही.

आणि कन्नड वाचता येत नसेल तर आत्ताच सुरू करा. मी बसच्या पाट्या वाचत शिकलो, खानापूर-बेळगाव रोज पाऊण तास मिळतोच.