अग्निप्रदीपनाआधी फ्लँज कसा आवळावा

सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांत बॉयलर पेटला, लायनीत वाफ आली की दोन-चार फ्लँज (दोन पाईप बोल्टने जोडणाऱ्या चकत्या) फुसफुसायला लागतात. बोल पॅकिंगला, म्हणजे मधल्या गॅस्केटला लागतो, पण चूक बहुतेकदा आवळणीत असते.

२१ किलो दाबाच्या वाफेच्या लायनीवरचा ४ इंची, क्लास ३०० (दाबाची श्रेणी) चा फ्लँज घ्या. पाऊण इंची, बी-७ पोलादाचे ८ स्टड (दोन्ही टोकांना नट बसणारे बोल्ट), आत स्पायरल वाउंड, म्हणजे धातूची पट्टी गुंडाळून केलेलं गॅस्केट. वाफ हा जोड उघडायला साधारण ३२ किलोन्यूटन जोर लावते, म्हणजे स्टडमागे जेमतेम ४. आपण मात्र प्रत्येक स्टडला ७३ च्या आसपास ताण देतो. स्टड तुटायची भीती नसतेच. बाकीचा ताण गॅस्केट दाबून धरायला लागतो.

हा ताण टॉर्क रेंच (ठरलेल्या पिळाला 'टक' वाजणारा पाना) दाखवत नाही, तो फक्त टॉर्क, म्हणजे पीळ दाखवतो, तिथेच घोळ होतो. आटे आणि नटाची बैठक साफ करून मोली पेस्ट (घर्षण कमी करणारं वंगण) लावली, तर २१० न्यूटन-मीटरला ७३ मिळतात. गंजलेल्या, कोरड्या आट्यांवर त्याच टॉर्कला ३७ सुद्धा मिळायचे नाहीत. रेंच मात्र दोन्हीकडे सारखाच 'टक' वाजतो. (हे आकडे उदाहरणाचे, टॉर्क ठरवताना गॅस्केटवाल्याचा तक्ता बघा.)

आधी फ्लँजचा चेहरा वायर ब्रशने साफ करा आणि नखाने चाचपा. गोल रेघा हव्यातच. आतून बाहेर गेलेला आडवा ओरखडा असेल तर वाफेला वाट मिळालीच. गॅस्केट नवीनच घाला, त्याला ग्रीस नको. दोन्ही चेहऱ्यांमधली फट सगळीकडून मोजा, फरक ०.८ मिमीच्या आत हवा. चेन पुली लावून पाईप ओढून बसवला, तर स्टडचा ताण पाईप ओढण्यातच खर्ची पडतो.

स्टडना खडूने ओळीने १ ते ८ आकडे घाला. आवळायचा क्रम १-५-३-७, मग २-६-४-८. पहिली फेरी ३० टक्के टॉर्कला, दुसरी ७०, तिसरी पूर्ण. प्रत्येक फेरीनंतर फट पुन्हा मोजा. शेवटी पूर्ण टॉर्कला ओळीने गोल फिरा, एकही नट हलेनासा होईपर्यंत. गॅस्केट बसतं तसा ताण उतरतो, म्हणून चार तासांनी आणखी एक गोल फेरी मारा. घाईत हीच राहते.

तरीही जोड गळलाच, तर चालू वाफेवर पान्याला पाईप घालून आवळू नका. प्रेशर शून्यावर आणा, लाईन थंड होऊ द्या, जोड खोला आणि गॅस्केट कुठल्या बाजूला कमी दबलंय ते बघा.