पंचनामा झाला, पण पैसे येणार कोणत्या खात्यात?

परतीच्या पावसाने ज्यांच्या शेतात पाणी साचले आहे, त्यांनी पहिले दोन दिवस शेताला द्यावेत आणि तिसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन बँकेत जावे. पीक वाचवण्याची धडपड सगळेच करतात. बँकेचे काम मात्र ‘मदतीची यादी लागली की पाहू’ म्हणून मागे पडते आणि मंजूर झालेली सरकारी मदत तिथेच अडकते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाल्यास जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये मिळतात. मर्यादा २ हेक्टरची असून २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्याने ती त्या हंगामासाठी ३ हेक्टर केली होती. झालेल्या खर्चापुढे ही रक्कम तोकडीच आहे, म्हणून तर त्यातला एक रुपयाही कागदापायी गमावणे परवडणारे नाही.

ही रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने येते, म्हणजे पासबुकावरील खाते क्रमांकापेक्षा आधारशी त्या क्षणी जोडलेले खाते महत्त्वाचे ठरते. एका आधार क्रमांकावर अशा जमेसाठी एका वेळी एकच खाते नोंदलेले असते. बँकेने आधारची झेरॉक्स घेतली म्हणजे हे जोडणे झाले, असा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. त्यासाठी शाखेत आधार सीडिंगचा वेगळा संमती अर्ज भरून द्यावा लागतो. कित्येकांची जोडणी सिम कार्ड घेताना नकळत उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्याशी निघते, तर कित्येकांची वर्षानुवर्षे व्यवहार न झालेल्या बंद खात्याशी. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिल्यास बँकेचे नाव आणि जोडणी सुरू आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळते. ते आजच पाहावे.

शेतातील कामे नेहमीचीच आहेत: चर काढून पाणी बाहेर काढणे, वापसा येईपर्यंत, म्हणजे माती मशागतीजोगी सुकेपर्यंत, शेतात औजार न घालणे, कापलेले सोयाबीन उंचवट्यावर ताडपत्रीखाली ठेवणे, नुकसानीचे फोटो गट क्रमांकानिशी जपणे.

कपाशीत आकस्मिक मर, म्हणजे झाडे अचानक सुकणे, दिसताच युरिया २०० ग्रॅम, पांढरा पोटॅश १०० ग्रॅम आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून प्रत्येक झाडाला १०० मिली द्रावणाची आळवणी करावी, म्हणजे ते बुंध्याशी ओतावे, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. माझा अनुभव असा की, सुकलेले एक झाड उपटून मुळाची साल बोटाने ओढावी. ती सहज निसटून आली तर त्या पट्ट्यावर खर्च करू नये. दुकानदार याच दिवसांत हजार-बाराशेची टॉनिकची बाटली पुढे करतो. पाण्यात गुदमरलेले मूळ त्याने जागे होत नाही आणि बाटली उधारीवर घेतली असेल तर येणारी मदत आधी त्याच्याच वहीत जाते.

गावची यादी लागली आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) करायला सांगितली असेल, तर यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन ती आपले सरकार सेवा केंद्रात करावी आणि तिथल्या पावतीवर नाव, गट क्रमांक व क्षेत्र वाचूनच उठावे. सातबारा समाईक असेल तर सहहिस्सेदारांचे संमतीपत्र आताच लिहून घ्यावे. वडील हयात नसूनही सातबारा त्यांच्याच नावावर असेल तर वारस नोंदीचा अर्ज याच आठवड्यात द्यावा आणि ज्या वारसाच्या नावे मदत घ्यायची ठरेल, त्याच्या खात्याची आधार जोडणीही त्याच फेरीत तपासावी.