मेलबर्नमध्ये सबर्ब निवडताय? लहान मुलं असतील तर या चुका टाळा

व्हिसा आला की पहिला फोन तिथे आधीच गेलेल्या एखाद्या मित्राला जातो: कुठे घर घ्यायचं? तो सल्ला देतो, पण स्वतःच्या सोयीने. मुलगी अकरावीत असेल तर शाळेचं नाव सांगेल, घर विकत घेतलं असेल तर स्वतःच्याच सबर्बचं कौतुक करेल. तुमची मुलं चार आणि दीड वर्षांची आहेत, हे त्याच्या हिशेबात नसतं.

मोठ्या शाळेचा झोन आत्ताच पकडणं

ग्लेन वेव्हर्ली सेकंडरी कॉलेज किंवा बालविन हाय या सरकारी हायस्कूलांच्या झोनसाठी (झोन म्हणजे ज्या भागातल्या मुलांना त्या शाळेत हमखास प्रवेश मिळतो तो भाग) आपले लोक जास्त भाडं मोजून लहान युनिटमध्ये राहतात. इथे हायस्कूल सातवीपासून सुरू होतं, आणि झोनच्या सीमा मधल्या काळात बदलू शकतात. चार वर्षांच्या मुलासाठी बघायचा तो प्रायमरीचा झोन. तोही सबर्बच्या नावावरून ठरवू नका, कारण एकाच सबर्बमधली दोन घरं वेगवेगळ्या शाळांच्या झोनमध्ये असू शकतात. ‘फाइंड माय स्कूल’ या सरकारी साइटवर घराचा पूर्ण पत्ता टाकून बघा, मगच अर्ज करा.

वयाचं गणितही आधीच करून ठेवा. ज्या वर्षी मूल 30 एप्रिलपर्यंत पाच पूर्ण करतं, त्या वर्षी ते प्रेपला, म्हणजे प्रायमरीच्या पहिल्या वर्गाला, जाऊ शकतं. शाळा जानेवारीच्या शेवटी सुरू होते, आपल्यासारखी जूनमध्ये नाही.

किंडरचे तास न विचारणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. व्हिक्टोरियात (मेलबर्नच्या राज्यात) फ्री किंडर, म्हणजे शाळेआधीची मोफत बालवाडी, आहे हे ऐकून लोक निर्धास्त होतात. पण चार वर्षांच्यांचं किंडर साधारण आठवड्याला 15 तासांचं, आणि नुसतं किंडर चालवणाऱ्या केंद्रात ते दोन-तीन दिवसांत वाटलेलं असतं. उरलेल्या दिवसांचं काय? आजी-आजोबा पुण्यात, तुम्ही दोघं ऑफिसात. म्हणून दिवसभराच्या चाइल्डकेअरमध्येच किंडर चालतं का, आणि जागा आहे का, हे सबर्ब ठरवण्याआधी विचारा. वेटलिस्टमध्ये नाव भारतातूनही घालता येतं. आणि चाइल्डकेअर सबसिडी बहुतेक तात्पुरत्या व्हिसावर मिळत नाही. दोन मुलांची पूर्ण फी भाड्याच्या बरोबरीने बजेटमध्ये धरा. तसं केलं की ‘परवडणारे’ बरेच सबर्ब यादीतून आपोआप गळतात.

नकाशावरचं अंतर खरं मानणं

पश्चिमेकडे टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक इथे नवी मोठी घरं मिळतात, शेजारी मराठी-गुजराती, गणपतीला घर भरलेलं. छानच. पण पॉइंट कुकला स्वतःचं स्टेशन नाही, विल्यम्स लँडिंग गाठावं लागतं. टार्नीटला स्टेशन 2015 पासून आहे, पण तिथे मेट्रो (शहरातली लोकल) येत नाही. व्ही/लाइन या लांब पल्ल्याच्या रेल्वेची डिझेल गाडी येते आणि सकाळी ती खच्चून भरते. कारने शहरात जायचं तर बहुतेकदा वेस्ट गेट ब्रिज हा पूल. प्रायमरी साडेतीनच्या सुमारास सुटते, चाइल्डकेअर सहा-साडेसहाला बंद होतं, आणि कार पुलावर अडकली की पुढचं तुम्हाला कळेलच. मोठं घर नको असं मी म्हणत नाही. दोघांपैकी एकाचं तरी काम घराजवळ किंवा घरून असेल, तर पश्चिमेला खुशाल राहा.

इन्स्पेक्शनला (घर बघायला गेल्यावर) फक्त स्वयंपाकघर बघणं

भाड्याच्या घरात हॉलमध्ये हीटर असणं कायद्याने बंधनकारक आहे, बेडरूममध्ये नाही. जुन्या विटांच्या घरात जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, रात्री मुलांची खोली गारठते. सेंट्रल हीटिंग किंवा बेडरूममध्ये स्प्लिट एसी (गरम हवाही देणारा) आहे का ते बघा.

चूक होऊन गेली असेल तर

बारा महिन्यांची लीज मधेच मोडली तर नवा भाडेकरू मिळेपर्यंतचं भाडं आणि वर एजंटचा खर्च अंगावर येऊ शकतो. त्यापेक्षा मालकाच्या संमतीने लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते का ते आधी विचारा. घर बदललं म्हणून शाळा बदलायलाच हवी असं नाही: सरकारी शाळेत एकदा दाखल झालेलं मूल झोनबाहेर राहायला गेलं तरी तिथेच शिकू शकतं. धाकट्याला मात्र झोनबाहेरून तिथे हमखास प्रवेश नाही. भावंड शाळेत असल्याचं प्राधान्य मिळतं, पण जागा शिल्लक असेल तरच. त्यामुळे धाकटं तीनचं झालं की शाळेच्या ऑफिसात लगेच विचारून ठेवा.