‘मला येतं’ म्हणू नका: चोवीस वर्षांनी पुन्हा खोगिरावर

सातवीत असताना मी पहिल्यांदा घोड्यावर बसले. 1999 साली नोकरीसाठी पुणं सोडलं आणि घोडाही सुटला. त्यानंतर रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत) पाय घातला तो थेट 2023 च्या जानेवारीत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. मधल्या चोवीस वर्षांत बँकेची नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण असं सगळं होऊन गेलं. तरी रस्त्याने वरातीची घोडी दिसली की माझं लक्ष आधी तिच्या तंगाकडे, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्याकडे जायचं, नीट कसलाय का म्हणून. तुमचंही असंच होत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

परतताना मी पहिली चूक केली ती बोलण्यात. तबेल्यात विचारलं, “पूर्वी केलंय का?” मी म्हणाले, “हो, मला येतं.” त्यांनी विश्वास ठेवला आणि शर्यतीतून निवृत्त झालेला एक उंच घोडा दिला. पहिल्या वीस मिनिटांतच मी त्याला कँटरला, म्हणजे दुडकीच्या पुढच्या दौडीला घातलं, कारण डोक्यात सगळं जसंच्या तसं होतं: पाय कुठे, हात कुठे, वजन कुठे. मांड्यांना मात्र त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तोल गेला, मी लगाम गच्च ओढला, तसा घोडा आणखी जोरात पळाला. वळणावर मी बाहेरच्या बाजूला पडले. हाड मोडलं नाही, पण तीन आठवडे उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं.

लगाम ओढल्यावर तो का पळाला, हे नंतर नीट कळलं. शर्यतीच्या घोड्याला लगामाच्या ताणावर भार टाकून धावायची सवय लावलेली असते. तुम्ही सलग ओढत राहिलात की त्याला ती धावण्याचीच खूण वाटते. शर्यतीची मैदानं असलेल्या पुण्या-मुंबईत रायडिंग शिकवणाऱ्या जागी असे थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, बरेच भेटतात. स्वभावाने ते बहुतेक गोड असतात, पण त्यांची भाषा वेगळी असते. त्यांना थांबवायचं तर लगाम धरा, सोडा, पुन्हा धरा आणि हळूहळू मोठ्या गोलात वळवा. परतणाऱ्याने पहिले दोन महिने अशा घोड्याच्या वाटेला न जाणंच बरं.

म्हणून आता विचारल्यावर मी आकडे सांगते, तुम्हीही तेच सांगा: “आठ वर्षं शिकले, कँटरपर्यंत. चोवीस वर्षं बसले नाही. वजन 66 किलो. डावा गुडघा दुखतो.” एवढ्यावरून चांगला उस्ताद तुमच्यासाठी घोडा निवडतो. वजन सांगायला लाजू नका, कारण तो प्रश्न घोड्याच्या पाठीचा आहे. स्वार आणि खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांच्या आत ठेवावा, असं धरतात. म्हणजे 400 किलोच्या मारवाडी घोड्यावर सगळं मिळून 80 किलो. त्यातले आठ-दहा किलो खोगिरातच जातात.

तबेला निवडताना मी आधी घोडे बघते, माणसं नंतर. खोगीर बसतं त्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथे कधीतरी खोगीर लागून जखम झालेली असते. एखाद्याच घोड्याला असेल तर जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येईल. सगळ्यांनाच असेल तर खोगीरं बरोबर बसत नाहीत असं समजा. तंगाखाली कातडी सोलवटलेली आहे का, खूर तडकलेत का, पाणी स्वच्छ आहे का, हे पाहा. तुम्ही जवळ गेल्यावर घोडे कान पुढे करून बघतात की मागे पाडून भिंतीकडे वळतात, तेही पाहा. मग शिकवणाऱ्याकडे वळा. त्याने तुम्हाला एकही प्रश्न न विचारता थेट घोडा आणायला सांगितलं, तर नमस्कार करून परत या.

माथेरान, महाबळेश्वर किंवा पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसलात आणि छान जमलं, म्हणून परीक्षा पास झालो असं समजू नका. मीही तसंच समजले होते. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी नेता येत नाहीत, तिथून मी अख्खा रस्ता घोड्यावर गेले आणि वाटलं, काहीच विसरलेले नाही. पण तो घोडा ती वाट रोज चालतो, मालकाच्या हाकेवर चालतो आणि कुठे थांबायचं ते त्याला पाठ असतं. माझ्या हातातला लगाम त्याच्या हिशेबात नव्हताच. त्या घोड्यांबद्दल मला फार आदर आहे. फक्त त्या सफरीवरून तुमची मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, कशी आहे हे कळत नाही.

बसण्याआधी सहा आठवडे शरीराला द्या. मला सर्वांत उपयोगी पडलं ते मलासन आणि बद्धकोणासन, कारण घोड्यावर पहिल्यांदा ओरडतात ते मांडीच्या आतले स्नायू. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा खाली सोडायच्या, रोज दोन-तीन मिनिटं. घोट्यांना त्याचीच सवय लागते. एका पायावर उभं राहून दात घासा, तोल येतो. डॉक्टरांना सांगून ठेवा, विशेषतः पाठीचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पाळी थांबल्यावर हाडं तपासली नसतील तर. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्या. त्याचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात, आणि तिथे बारीकसारीक खरचटणं रोजचं.

हेल्मेट स्वतःचं घ्या, बाकी सगळं उसनं चालेल. सायकलचं किंवा स्कूटरचं नको. आत एएसटीएम एफ1163 किंवा ईएन 1384 असा छाप असलेलं घोडेस्वारीचंच हवं. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं. माझं जुनं हेल्मेट आईने माळ्यावर जपून ठेवलं होतं, ते मी आठवण म्हणून कपाटात ठेवलंय, डोक्यावर घातलं नाही. बुटाला लहानशी टाच असावी आणि तळवा फार खरबरीत नसावा. टाच नसली तर पाऊल रिकिबीतून आरपार जातं, आणि पडताना पाय अडकून फरफटणं हे पडण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आता घोड्याकडे. पहिले दोन-तीन दिवस वर चढूच नका, असं मी सांगेन. पैसे तासाचेच द्या, पण तो वेळ खराऱ्यात, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करण्यात घालवा. घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि बरोबर पाठीमागचं दिसत नाही, म्हणून बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जवळ जा. मानेपासून सुरुवात करा. पाठीवर, तंगाच्या जागी, पोटाखाली हात फिरवताना तो कुठे दचकतो ते लक्षात ठेवा. खूर उचलून साफ करा. दोरीने चालवा, थांबवा, मागे सरकवा. माझे हात तिथेच पुन्हा शहाणे झाले. आमचे पूर्वीचे उस्ताद घोडदळातले निवृत्त दफेदार होते. खरारा केल्याशिवाय ते खोगिराला हात लावू देत नसत. तेव्हा मला ती शिक्षा वाटायची. आता तबेल्यात अर्धा तास लवकर जाते, आणि दिवसातला तो सर्वांत शांत अर्धा तास असतो.

चढताना चौथरा किंवा पायरी वापरा. जमिनीवरून चढलात तर खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याच्या पाठीला पीळ बसतो; पायरी वापरण्यात कमीपणा काही नाही. तंग कसताना पुष्कळ घोडे पोट फुगवतात, म्हणून दोन-चार मिनिटं चालवून तंग पुन्हा तपासा. रिकिबीची लांबी चढायच्या आधीच मोजता येते: बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या कडीला लावा, रिकीब काखेपर्यंत यायला हवी. पावसाळ्यानंतर आणखी एक गोष्ट न विसरता करा. रिकिबीच्या पट्ट्याचे टाके नखाने ओढून पाहा. पुण्याच्या पावसात चामड्याला बुरशी येते, दोरा कुजतो, आणि ते कळतं नेमकं तुम्ही वजन टाकल्यावर.

पहिले चार तास लंजिंगवर मागा. उस्ताद मध्ये उभा राहून लांब दोरीवर घोडा गोल फिरवतो, त्यामुळे वेग आणि दिशा त्याच्या हातात राहते आणि तुम्ही फक्त बसायला शिकता. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. आधी नुसती चाल, रिकिबीशिवाय, पाय सैल सोडून. चालीत चार ठोके असतात. डोळे मिटून मागचा डावा पाय कधी पडतो ते कमरेखाली ओळखायचा प्रयत्न करा. दुसऱ्या दिवशी मला ते जमलं आणि खरं सांगते, डोळे भरून आले. चोवीस वर्षांनी कुणीतरी ओळखीचं बोललं होतं.

मग दुडकी, म्हणजे चालीच्या पुढची उसळती गती. तिच्यात दोनच ठोके, पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा असे तिरपे पाय जोडीने पडतात. घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं. खांदा बघायला मान खाली घालू नका, नजर खाली गेली की तोलही पुढे जातो. “एडी नीचे, नजर सामने” हे उस्तादांचं वाक्य मी इतक्या वर्षांत विसरले नव्हते, पण टाच खाली म्हणजे टाच दाबून धरणं नव्हे, हे मला आत्ता कळलं. वजन कमरेतून सोडलं की टाच आपणहून खाली जाते.

भीती वाटेल. मला वाटली, विशेषतः पडल्यावर, आणि ती विशीत कधी वाटली नव्हती. घरी कुणीतरी वाट बघत असतं, हे आता माहीत आहे. भीतीने माणूस श्वास धरतो, श्वास धरला की मांड्या आवळल्या जातात, मांड्या आवळल्या की घोड्याला वाटतं काहीतरी धोका आहे. हा धागा मी श्वासाशी तोडते. दुडकीत मोठ्याने पाढे म्हणते. बोलताना श्वास धरून ठेवता येत नाही. एकोणतीसचा पाढा सर्वांत चांगला, कारण त्यात डोकं गुंतून राहतं. रिंगणात लोक बघतात, बघू देत.

कँटर कधी? माझा नियम असा: रिकिबीशिवाय दुडकीत दोन फेऱ्या मारता आल्या, लगाम न ओढता फक्त कंबर स्थिर करून आणि श्वास सोडून ठरवलेल्या खुणेवर घोडा थांबवता आला, आणि उस्ताद स्वतःहून “आता घ्या” म्हणाला, की मगच. मला दुसऱ्या खेपेला चौदावा तास लागला. दोन्ही पाय रिकिबीतून काढून चालत्या घोड्यावरून उतरायचा सरावही त्याआधीच करून ठेवा. पडलातच, तर हात टेकून स्वतःला अडवू नका, मनगट मोडतं. अंग गोळा करून घोड्यापासून दूर लोळा. डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही. “पडल्यावर लगेच चढायचं” ही जुनी शिकवण डोक्याच्या मारापुढे चालत नाही.

दुसऱ्या दिवशी काय दुखतं ते नीट ऐका. मांडीच्या आत दुखलं तर ठीक, अपेक्षितच आहे. गुडघा दुखला तर रिकीब आखूड असेल किंवा तुम्ही गुडघ्याने चिमटा काढताय. कंबर दुखली तर छाती पुढे काढून पाठ पोकळ करून बसताय. महिन्यातून एकदा पाच दिवस सलग करण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस करा.

बुटका घोडा मिळाला तर नाक मुरडू नका. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडीची घोडी काही उंच नव्हती, आणि मराठ्यांच्या दौडी तिच्यावर झाल्या. धनगरांचे तांडे आजही त्याच जातीच्या तट्टांवर संसार लादून चालतात. जमिनीजवळ असणं पंचेचाळिशीत फार बरं वाटतं. आणि स्वतःचा घोडा मात्र पहिल्या वर्षात घेऊ नका. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात जरूर जा. तापीच्या काठी इतके घोडे एकत्र बघायला मिळतात, बघणाराची नजर तयार होते. पैसे घरी ठेवून जा.

तास संपला की शेवटची दहा मिनिटं लगाम सैल सोडून चालवा. उतरल्यावर तंग एक-दोन घर ढिला करा, खोगीर काढल्यावर पाठीवरचा घामाचा ठसा बघा. घामात मधेच एखादा कोरडा ठिपका असेल तर तिथे खोगीर दाबतंय, ते सांगा. गुळाचा खडा सपाट तळहातावर ठेवून द्या, बोटं मिटून नव्हे. आणि निघण्याआधी पुढच्या वेळी कोणता घोडा मिळणार ते विचारून ठेवा, म्हणजे त्याच्याकडे दोन मिनिटं जाऊन मान खाजवून येता येतं.